सोनोग्राफी नॉर्मल, कळ चालूच: हायडा स्कॅनपर्यंतचा रस्ता

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘गॉलब्लॅडर नॉर्मल, नो कॅल्क्युलाय’ (खडे नाहीत) असं आलं की बहुतेक घरांत पित्ताशयाचा विषय तिथेच मिटतो. उजव्या बरगडीखालची कळ मात्र मिटत नाही. मग पँटोप्राझोल, मग डोमपेरिडोन जोडलेली तीच गोळी, मग कुणीतरी सुचवलेलं चूर्ण, आणि शेवटी ‘टेन्शन घेऊ नका’. खडे नसताना पित्ताशयाच्या दुखण्याचं निदान कसं होतं, कुठल्या क्रमाने होतं आणि कुठे बिघडतं, ते इथे लिहिते आहे. त्यातली शेवटची तपासणी म्हणजे हायडा स्कॅन: शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन पित्ताशय कसं भरतं आणि रिकामं होतं ते कॅमेऱ्याने बघतात. मी या सगळ्यातून गेले आहे, पण माझी हकीकत कुणाच्या कामाची नाही. तपासण्यांमधले बारकावे कामाचे आहेत.

आधी कळ. पोटविकारतज्ज्ञ ज्यावरून पित्ताशयाची कळ ओळखतात ते ‘रोम ४’ निकष २०१६ साली आले. त्यानुसार कळ बेंबीच्या वर मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली असते, चढत जाऊन एका पातळीला टिकते, अर्धा तास किंवा त्याहून जास्त राहते, आणि रोज न येता मध्ये दिवस सोडून येते. ती इतकी जोराची असते की हातातलं काम टाकावं लागतं किंवा कॅज्युअल्टी गाठावी लागते. शौचाला जाऊन, कूस बदलून किंवा ॲसिडिटीची गोळी घेऊन फारसा फरक पडत नाही. जोडीला मळमळ-उलटी, उजव्या खवाट्याखाली जाणारी कळ, झोपेतून जाग येणं यातलं काही असेल तर संशय बळावतो. दिवसभर मंद दुखणारं, ढेकर आला की हलकं वाटणारं पोट या चौकटीत बसत नाही. ते बसवायचा प्रयत्नही करू नये, कारण पुढचं सगळं याच चौकटीवर उभं आहे.

म्हणून वही ठेवायची. तारीख, कळ सुरू झाली ती वेळ, सर्वांत जोर केव्हा होता, संपली केव्हा. आधीच्या सहा तासांत काय खाल्लं. जागा एका बोटाने दाखवता येते की तळहात फिरवावा लागतो. कुठली गोळी घेतली आणि तिने काय झालं. ताप, उलटी, लघवीचा रंग. मिसळ खाल्ली होती की लग्नातलं जेवण, तेही लिहा. पण तेलकटाशी संबंध दिसत नाही म्हणून पित्ताशय बाद करू नका, रोमच्या निकषांत तेलकटाची अट नाही. मोबाईलमध्ये नोंदी ठेवल्या तरी चालतं, फक्त ओपीडीत कुणी तुमचा मोबाईल हातात घेऊन स्क्रोल करत बसत नाही. सगळं एका पानावर उतरवून न्या.

या वहीइतकीच महत्त्वाची, आणि जवळजवळ सगळ्यांची राहून जाणारी गोष्ट म्हणजे कळ असतानाचं रक्त. एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत आणि पित्तनलिकांसाठी), ॲमायलेज, लायपेज (स्वादुपिंडासाठी) आणि सीबीसी एवढ्या तपासण्यांची चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा. कळ आली, की ती चालू असताना किंवा उतरल्यावर काही तासांतच रक्त द्या. कळ हटकून रात्री येते आणि गल्लीतली लॅब सकाळी उघडते, त्यामुळे चोवीस तास लॅब असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, ते आधीच बघून ठेवावं. चार दिवसांनी सावकाश दिलेल्या रक्तात काही हाती लागत नाही. कळीच्या वेळी एसजीपीटी कित्येक पट चढलं आणि दोन-चार दिवसांत उतरलं, तर बारीक खडा किंवा गाळ पित्तनलिकेतून सरकून गेल्याचा संशय येतो आणि तपासाची दिशाच बदलते. लायपेज तिपटीच्या वर गेलं तर प्रश्न स्वादुपिंडाचा. कळ जोरात असूनही सगळे आकडे जागच्या जागी राहिले, तर खडे नसलेल्या पित्ताशयाच्या बिघाडाला ते पूरक ठरतं.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, गडद लघवी, पांढुरकी शौच किंवा पाच-सहा तासांनंतरही न उतरणारी कळ असेल तर वही बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी. आणि चाळिशीपुढच्या किंवा मधुमेही माणसाला वरच्या पोटात दुखत असेल तर आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भागातला झटका पोटदुखीचं सोंग घेऊन येतो.

आता सोनोग्राफी. पित्ताशयातले खडे शोधण्यात ती उत्तम आहे, पण तिची तयारी आपल्याकडे सर्रास बिघडते. सहा ते आठ तास उपाशी राहायचं म्हणजे पाणी चालतं, चहा चालत नाही. सकाळचा कटिंग चहा ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून घेतला जातो. त्यातल्या दुधाने पित्ताशय आकुंचन पावतं, आकुंचन पावलेल्या पित्ताशयाची भिंत जाड दिसते, बारीक खडे घड्यांत लपतात, आणि रिपोर्टवर ‘कॉन्ट्रॅक्टेड’ असा शब्द येतो ज्याचा पुढे कुणालाच उपयोग नसतो. पोट रिकामं असताना भिंत ३ मिलिमीटरपर्यंत आणि मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असावी. वयानुसार नलिका थोडी रुंदावते. तपासणी नुसती उताणं झोपवून उरकली तर पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा सुटू शकतो. डाव्या कुशीवर वळवून आणि बसवूनही बघा, असं सांगायला लाजायचं कारण नाही. दोन-तीन मिलिमीटरचे खडे आणि गाळ तरीही सुटतात, म्हणून कळ खरी वाटत असेल तर एका नॉर्मल रिपोर्टवर न थांबता काही आठवड्यांनी दुसऱ्या सेंटरवर पुन्हा सोनोग्राफी करावी.

सोनोग्राफीवरच पित्ताशयाचं काम थोडंफार मोजताही येतं. उपाशीपोटी लांबी, रुंदी, जाडी मोजायची, तिन्हींच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणायचं की आकारमान मिळतं. मग स्निग्ध पदार्थ खाऊन अर्ध्या-पाऊण तासाने आणि तासाने पुन्हा मोजायचं. समजा आधी ७ × ३ × ३ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३३ मिलिलिटर. तासाने ५.५ × २.२ × २.२, म्हणजे सुमारे १४. पित्ताशयाने ५८ टक्के पित्त बाहेर टाकलं. ठाण्यातल्या कुठल्याही छोट्या सेंटरमध्ये हे होऊ शकतं आणि किरणोत्सारही नसतो. पण मोजणाऱ्याच्या हातावर सगळं अवलंबून, एका मापात दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी उत्तर हलतं. चाळणी म्हणून बरं, यावर ऑपरेशन ठरवू नये.

मधल्या तपासण्या थोडक्यात. एंडोस्कोपीने अल्सर आणि जठराची सूज बघून घेतात. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली असेल तर पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावे लागतात, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येतं. पोटाच्या भिंतीतल्या नसेचं दुखणं ओळखायची युक्ती फुकटातली आहे. उताणं झोपून दुखऱ्या जागी बोट दाबून धरायचं आणि डोकं-खांदे उचलायचे. पोट ताठ केल्यावर दुखणं वाढलं किंवा तसंच राहिलं तर ते बहुधा आतलं नाही. याला कार्नेटची खूण म्हणतात. ओपीडीच्या घाईत ती बघायची राहून जाते, तुम्हीच आठवण करा. एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. चार ते सहा तास उपास, मंगळसूत्र-जोडवी सगळं घरी. काही ठिकाणी आधी अननसाचा रस पाजतात, कारण त्यातल्या मँगनीजमुळे जठर-आतड्यातलं पाणी चित्रात काळं पडतं आणि नलिका स्वच्छ दिसतात. एमआरसीपीलाही अगदी बारीक खडे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी, जास्त तीक्ष्ण. कळीच्या वेळी रक्ताचे आकडे चढले असतील तर हायडाच्या आधी हिचा विचार व्हायला हवा.

हे सगळं स्वच्छ आलं आणि कळ चौकटीत बसते आहे, तेव्हा हायडा स्कॅन. तो कुठे होतो याचा आधी शोध घ्यावा लागतो. ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ अशी पाटी असली तरी काही सेंटरमध्ये फक्त पेट-सीटी असतं. हायडाला गॅमा कॅमेरा, म्हणजे अंगातल्या औषधाचे किरण टिपणारा कॅमेरा, लागतो. फोनवर एवढंच विचारायचं: गॅमा कॅमेरा आहे का, हायडा करता का, आणि पित्ताशयाचं इजेक्शन फ्रॅक्शन (भरलेल्यापैकी किती टक्के बाहेर पडतं) काढून देता का. तिसरा प्रश्न विसरू नका. नुसता हायडा म्हणजे पित्ताशय भरतं की नाही एवढंच. रिकामं किती होतं हा पुढचा भाग वेगळा सांगावा लागतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीतही तसा लिहिलेला हवा. पालिकेच्या रुग्णालयातून, म्हणजे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातून किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयातून, उपचार चालू असतील तर स्कॅनसाठी कुठे पाठवतात ते सर्जरी ओपीडीतच विचारून घ्यावं. परळला अणुऊर्जा विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

अपॉइंटमेंट ठरावीक वारीच का मिळते, याला कारण आहे. स्कॅनसाठी वापरतात तो किरणोत्सारी टेक्निशियम-९९एम, त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे शक्ती निम्मी व्हायला लागणारा वेळ, ६ तास. तो साठवता येत नाही. मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून रोज सकाळी काढावा लागतो, आणि मॉलिब्डेनमचं अर्धआयुष्यही ६६ तासांचंच, म्हणून आठवडा सरत जातो तसा जनरेटर मंदावतो. काढलेला टेक्निशियम मेब्रोफेनिनच्या (यकृत जे पित्तात सोडतं त्या औषधाच्या) कुपीत मिसळला की तुमचा डोस तयार. एका कुपीत अनेकांचे डोस निघतात, म्हणून सेंटर पेशंट एकाच दिवशी बोलावतं. (ही किरणोत्सारी औषधं देशभर पुरवणारं ‘ब्रिट’ हे सरकारी मंडळ वाशीतच आहे. कित्येक वाशीकरांना हे ठाऊक नसतं.) ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल रखडली आणि तासभर उशीर झाला, तर डोसमधली सुमारे ११ टक्के शक्ती तेवढ्यात उडून गेलेली असते. तेव्हा आधीची गाडी पकडा.

औषधांचा भाग मी सर्वांत ठळक लिहीन, कारण निकाल इथेच सर्वांत जास्त बिघडतो. कळ आली की आपण मेफ्टाल स्पास किंवा सायक्लोपाम घेतो. दोन्हींत डायसायक्लोमिन आहे, आणि ते पित्ताशयाचं आकुंचनच ढिलं करतं. बस्कोपॅनचंही तेच. कॅज्युअल्टीत दिलेलं ट्रामाडॉल किंवा पेंटाझोसिनचं इंजेक्शन उलट बाजूने घोळ घालतं. पित्तनलिकेच्या तोंडाची झडप घट्ट होते, स्कॅनचं औषध आतड्यात उतरत नाही आणि नलिकेत अडथळा असल्यासारखं चित्र येतं. या गोळ्या-इंजेक्शनं स्कॅनच्या आधी सेंटर सांगेल तितका वेळ, साधारण एक ते दोन दिवस, टाळायची. आदल्या रात्रीच कळ आली आणि इंजेक्शन घ्यावं लागलं तर स्कॅन पुढे ढकला. रक्तदाबाचं निफेडिपिन, प्रोजेस्टेरॉन, साखर-वजनासाठीचं सेमाग्लुटाइड हीही पित्ताशय मंदावणारी औषधं. ती मनाने बंद करू नयेत, पण यादी लिहून द्यावी आणि बंद करायची का ते डॉक्टरांना ठरवू द्यावं.

उपास किमान चार तासांचा, पण फार लांबही नको. चोवीस तासांहून जास्त पोट रिकामं राहिलं तर पित्ताशय आधीच दाट पित्ताने तुडुंब असतं. नवीन पित्त आत शिरत नाही आणि पित्ताशय दिसतच नाही. त्यामुळे आदल्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी आली आणि उपास निर्जळी असेल, तर तारीख बदलून घ्या. आदल्या रात्री साधं वरण-भात-तूप खाल्लेलं बरं. गर्भारपणाची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तारीख घेतानाच सांगायचं, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

स्कॅन स्वतः निवांत असतो. हाताला सुई, ३ ते ५ मिलिक्युरीचा डोस, आणि उताणं पडून राहायचं. कॅमेरा छातीपासून पोटापर्यंत अगदी जवळ येतो, पण बोगदा नसतो. पहिल्या पाच-दहा मिनिटांत यकृत उजळतं, मग नलिका, आणि तासाभरात पित्ताशय आणि लहान आतडं दोन्ही दिसायला हवीत. ‘ताई, हलायचं नाही’ हे वाक्य सारखं ऐकू येतं आणि ते गांभीर्याने घ्यावं. एसी गार असतो, ओढणी किंवा शाल न्यावी. पित्ताशय तासाभरात दिसलं नाही तर मॉर्फिनचा लहान डोस देऊन किंवा तीन-चार तासांनी पुन्हा चित्र घेतात, म्हणजे दिवस मोकळा ठेवलेला बरा. ते कधीच दिसलं नाही तर पित्ताशयाच्या नळीत अडथळा असू शकतो. ती गोष्ट वेगळी आणि तातडीची.

पित्ताशय भरलं की त्याला आकुंचन पावायला लावायचं. परदेशात सिंकालाइडचं इंजेक्शन वापरतात, किलोला ०.०२ मायक्रोग्रॅम, तासभर सावकाश. आपल्याकडे बहुतेक सेंटर स्निग्ध आहार देतात: फुल क्रीम दूध, लोणी, उकडलेली अंडी, चॉकलेट. बऱ्याचदा ते आपणच न्यायचं असतं. किमान १० ग्रॅम स्निग्धांश पोटात जायला हवा. फुल क्रीम दुधात ६ टक्के, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये साधारण १२ ग्रॅम. घाईत टोन्ड दुधाची पिशवी उचलली तर त्यात ३ टक्केच, म्हणजे निम्मं, आणि आकडा विनाकारण कमी येऊ शकतो. उपाशीपोटी लोण्याचा गोळा घशाखाली उतरवणं कठीण जातं. दुधात वितळवून कोमट प्यायलं तर जातं. दूध पचत नसेल तर आधीच सांगा, अंडी-लोण्यावर भागतं.

मग आणखी अर्धा ते एक तास चित्रं. हिशोब सोपा आहे. पित्ताशयातून येणारी मोजणी १,००,००० वरून ७०,००० वर आली तर इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के. गुंतागुंत आकड्याच्या अर्थात आहे. सिंकालाइड तासभर दिलं तर ३८ टक्क्यांच्या खाली असामान्य. जुन्या रिपोर्टांत ३५ ही रेघ दिसते. एन्शुअर प्लस या तयार पौष्टिक पेयाच्या सुमारे २४० मिलिलिटरवर केलेल्या अभ्यासात खालची मर्यादा ३३ निघाली. दूध-लोण्यासाठी सेंटरने स्वतःची मर्यादा सांगायला हवी. म्हणून रिपोर्ट हातात घेताना एवढं लिहिलंय का ते काउंटरवरच वाचून बघा: पित्ताशय कितव्या मिनिटाला दिसलं, आतडं कितव्या मिनिटाला, काय खायला दिलं आणि किती, किती मिनिटं मोजलं, आणि त्या सेंटरची नॉर्मल मर्यादा. नुसतं ‘जीबीईएफ (पित्ताशयाचं इजेक्शन फ्रॅक्शन) २८ टक्के’ या ओळीवर कुठल्याही सर्जनला नीट मत देता येत नाही. चित्रांची सीडीही मागून घ्या.

खोटा कमी आकडा येण्याची आणखी दोन कारणं. एक, जठर मंद असेल, विशेषतः जुन्या मधुमेहात, तर दूध आतड्यात उतरतच नाही आणि पित्ताशयाला आकुंचनाचा निरोप जात नाही. दुसरं, आतड्याचा उजळलेला वेटोळा पित्ताशयावर येऊन बसतो आणि त्याचीही मोजणी आत धरली जाते. अनुभवी तंत्रज्ञ कॅमेरा तिरका करून तो बाजूला काढतो. दूध प्यायल्यावर नेहमीची कळ उठली तरी तिला पुरावा मानू नये, आणि नाही उठली म्हणून निराशही होऊ नये. घरी आल्यावर दिवसभर पाणी भरपूर, फ्लश दोनदा, आणि तान्ह्या बाळाला किंवा गर्भार बाईला त्या दिवशी फार वेळ चिकटून बसायचं नाही.

चौकटीत बसणारी कळ, खडे नाहीत, रक्त नॉर्मल आणि कमी इजेक्शन फ्रॅक्शन: चारही जुळले की ‘फंक्शनल गॉलब्लॅडर डिसऑर्डर’ किंवा जुन्या नावाने ‘बिलियरी डिस्किनेशिया’ हे निदान लिहिलं जातं. यातलं पहिलं नसेल तर चौथ्याला फारसा अर्थ नाही. कधीच न दुखलेल्या माणसांचाही आकडा कमी येतो. सीमेवरचा आकडा असेल आणि कळ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येत असेल, तर मला विचाराल तर थांबून पुन्हा मोजलेलं बरं, कारण काहींची कळ आपोआप विरते.

कळ वारंवार येत असेल तर पित्ताशय काढण्याचा सल्ला मिळतो. भारतात दुर्बिणीतून ते पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी काढलं, आज ते रोजचं ऑपरेशन आहे. चार छोटी छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड, आणि त्या वायूमुळे नंतर दोन-तीन दिवस दुखणारा खांदा. काही आठवडे पातळ शौच होऊ शकते. सर्जनना आधी विचारायचा खरा प्रश्न वेगळा: कळ गेली नाही तर पुढे काय? खडे असलेल्यांइतकी खात्री इथे कुणी देत नाही. आणि पित्ताशय काढूनही कळ राहिलेल्यांची पित्तनलिकेच्या तोंडाची झडप कापून फायदा होतो का, हे तपासणाऱ्या ‘एपिसोड’ चाचणीत (२०१४) खोट्या प्रक्रियेपेक्षा जास्त गुण दिसला नाही. तेव्हा तो रस्ता कुणी पटकन सुचवला तर दुसरं मत घ्यावं.

विम्याचं काय ते ऑपरेशन ठरण्याआधीच बघा. बऱ्याच पॉलिसींत पित्ताशयाच्या ऑपरेशनला साधारण दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि केवळ तपासणीसाठी ॲडमिट झाल्याचा खर्च सहसा मिळत नाही. दाखल होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या तपासण्यांची बिलं मात्र पॉलिसीप्रमाणे जोडता येतात, म्हणून हायडाचं मूळ बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. काढलेलं पित्ताशय हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, जातं. तो रिपोर्ट डिस्चार्जच्या वेळी तयार नसतो आणि पुष्कळदा कुणी आणायला जातच नाही. टाके बघायला जाल तेव्हा मागून घ्या. त्यात कधी ‘क्रॉनिक कोलेसिस्टायटिस’ (पित्ताशयाची जुनी सूज) किंवा भिंतीतलं कोलेस्टेरॉल निघतं, कधी सोनोग्राफीला न दिसलेले वाळूएवढे खडे. तसे खडे निघाले असतील आणि नंतर कधी कळ आली, तर नलिकेत एखादा राहिलाय का हे आधी बघायला लागेल, आणि ते बघणाऱ्या डॉक्टरांना हा कागद हवा असेल.